नवा कॉम्प्युटर, जुना प्रिंटर : जोडणी जमवायची कशी?

तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातले, कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे कागदपत्रांच्या कामाला इथेच येतात. जून उजाडला की दहावी-बारावी झालेली मुले उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी रांग लावतात. पीकविम्याच्या दिवसांत शेतकऱ्याला सातबारा आणि आठ-अ हवा असतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे निघण्याआधी राहिलेले कागद पुरे करून घेतात. ऑनलाइन अर्ज, मोबाइलवर ओटीपी, डिजिटल सही असे सगळे सोपस्कार झाले तरी माणूस घरी जातो तो हातात कागद घेऊनच. तो कागद देणारा प्रिंटर पुष्कळदा रांगेतल्या दहावीच्या मुलापेक्षा वयाने मोठा असतो.

गेल्या काही महिन्यांत या प्रिंटरांवर वेगळेच संकट आले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. जुन्या कॉम्प्युटरांपैकी अनेक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, म्हणून सेवा केंद्रे, शाळा, पतसंस्था आणि दुकानदारांनी नवे कॉम्प्युटर घेतले. प्रिंटर मात्र जुनाच राहिला. नव्या कॉम्प्युटरला केबल लावली की पडद्यावर ‘ड्रायव्हर अनअव्हेलेबल’ असा संदेश येतो किंवा काहीच येत नाही. मग कोणीतरी सांगतो, ‘प्रिंटर आता जुना झाला, नवा घ्या.’

पैसे खर्च करण्याआधी हा लेख शेवटपर्यंत वाचा. काल जुन्या कॉम्प्युटरवर स्वच्छ छपाई करणारा प्रिंटर आज केवळ कॉम्प्युटर बदलला म्हणून निकामी होत नाही. क्रमाने तपासत गेले तर बहुतेक वेळा तासाभरात तो पुन्हा कामाला लागतो. घाई करून मधलीच पायरी धरली तर दिवस जातो आणि पाथर्डी किंवा नगरला खेप पडते ती वेगळीच.

दुभाषा हरवला आहे

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषा. तुम्ही छपाईचा आदेश दिला की ड्रायव्हर त्या पानाचे प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. आपला प्रिंटर कोणती भाषा बोलतो हे कळले की पुढचा निम्मा गुंता सुटतो. आपल्याकडचे जुने प्रिंटर ढोबळमानाने तीन गटांत मोडतात.

पहिला गट डॉट मॅट्रिक्सचा. दूध संकलन केंद्रावरची पावती, पतसंस्थेचे पासबुक, आडत दुकानाची पट्टी यांवर छापणारे हे प्रिंटर. त्यांतले पुष्कळसे एप्सनची ‘ईएससी/पी’ ही आज्ञाभाषा समजतात, मग त्यांच्यावर नाव दुसऱ्या कंपनीचे का असेना. भाषा जुनी आणि साधी असल्यामुळे यांना वाट काढून देणे सोपे जाते.

दुसरा गट पूर्ण भाषा येणाऱ्या लेझर प्रिंटरांचा. एचपी लेझरजेट १३२० किंवा पी२०५५ यांसारखे कार्यालयीन प्रिंटर पीसीएल ही भाषा स्वतः समजतात. ही भाषा अनेक मॉडेलना सामाईक आहे. म्हणून एकाच मॉडेलसाठी केलेला ड्रायव्हर मिळाला नाही तरी एचपीचा ‘युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर’ त्यांना चालतो.

तिसरा गट आपल्या भागात सर्वांत जास्त दिसतो. एचपी लेझरजेट १०२०, कॅनन एलबीपी २९०० आणि सॅमसंगचे छोटे लेझर प्रिंटर यात येतात. किंमत कमी ठेवण्यासाठी यांच्या आत फारशी बुद्धी ठेवलेली नाही. पानाची ठिपक्या-ठिपक्यांची मांडणी कॉम्प्युटर करतो आणि प्रिंटर फक्त ती उमटवतो. प्रत्येक कंपनीची ठिपके पाठवण्याची रीत वेगळी आहे. लेझरजेट १०२० ची तर आणखी एक खोड आहे. त्याचा अंतर्गत प्रोग्रॅम त्याच्यात कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी प्रिंटर चालू केला की ड्रायव्हर तो केबलवाटे पाठवतो. म्हणून योग्य ड्रायव्हर नसेल तर हा प्रिंटर दिवा लावून नुसता बसून राहतो. या गटाला एचपीचा तो युनिव्हर्सल ड्रायव्हर चालत नाही. सहसा ज्याच्या त्याच्या मॉडेलचाच लागतो.

जुना कॉम्प्युटर आधी हलवू नका

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. नवा कॉम्प्युटर आला की जुना लगेच फॉरमॅट केला जातो, भाच्याला दिला जातो किंवा एक्स्चेंजमध्ये जातो. त्याच्याबरोबर प्रिंटर चालू असल्याचा पुरावा आणि त्याची सगळी माहितीही जाते. नव्यावर पहिली छपाई होईपर्यंत जुना कॉम्प्युटर जागेवरच ठेवा आणि त्यावरून पुढच्या गोष्टी वहीत लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

१. प्रिंटरच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीवरचे पूर्ण मॉडेल नाव. ‘एचपीचा काळा प्रिंटर’ एवढ्याने भागत नाही. १०२०, १०२० प्लस, एम१००५ हे निरनिराळे आहेत.
२. प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘अॅडव्हान्स्ड’ पानावर दिसणारे ड्रायव्हरचे नेमके नाव.
३. ‘पोर्ट्स’ पानावर खूण असलेला पोर्ट, म्हणजे यूएसबी००१ की एलपीटी१.
४. कागदाचा आकार, ट्रे आणि छपाईचा गडदपणा यांची सध्याची मांडणी.
५. ‘सिस्टिम’मधल्या ‘अबाउट’ पानावरचा प्रकार : ३२ बिट की ६४ बिट.

पाचवी नोंद फार महत्त्वाची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. जुना कॉम्प्युटर ३२ बिट विंडोज ७ चा असेल तर त्याच्या सीडीतला ड्रायव्हर नव्यावर बसणारच नाही; त्याच प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर शोधावा लागेल. उलट जुना कॉम्प्युटर ६४ बिट विंडोज १० चा असेल, तर तिथे चालणारा ड्रायव्हर बहुधा विंडोज ११ वरही चालतो.

नवा कॉम्प्युटर अजून घ्यायचा असेल तर दुकानात एक प्रश्न विचारा : प्रोसेसर कोणता? इंटेल किंवा एएमडीचा असेल तर जुन्या प्रिंटरला आशा आहे. स्नॅपड्रॅगन म्हणजे एआरएम पद्धतीचा असेल तर त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि जुन्या प्रिंटरांसाठी तो सहसा निघालेला नसतो. लॅपटॉपवर ‘एस मोड’ असेल तर ड्रायव्हरची बाहेरून आणलेली फाइल चालत नाही. आधी त्या मोडमधून बाहेर पडावे लागते.

आधी यंत्र, मग केबल

ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी यंत्र धडधाकट आहे याची खात्री करा. ऑल-इन-वन प्रिंटर असेल तर कॉम्प्युटर न जोडता एक झेरॉक्स काढून पाहा. ती निघाली म्हणजे ड्रम, रोलर, टोनर सगळे ठीक. बहुतेक डॉट मॅट्रिक्समध्ये लाइन फीडचे बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो स्वतःची चाचणी छापतो. लेझरजेट १०२० सारख्या बिनबटणाच्या प्रिंटरची चाचणी जुन्या कॉम्प्युटरवरच घ्यावी लागते. जुना न हलवण्याचे हेही एक कारण.

मग केबल पाहा. प्रिंटरच्या बाजूला चौकोनी तोंडाची यूएसबी केबल असते. वर्षानुवर्षे एकाच जागी वाकलेली केबल आतून तुटते. दिवा लागतो, पण माहिती जात नाही. जादा केबल जवळ असेल तर बदलून पाहा. यूएसबीची साधी केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची, दोन मीटरची उत्तम. डेस्कटॉप कॉम्प्युटरला केबल मागच्या बाजूला थेट लावा, विस्तार-हबमध्ये नको. निळ्या यूएसबी ३ खोबणीत काही जुने प्रिंटर कुरकुर करतात. काळी खोबण असेल तर ती निवडा. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी खोबण असेल तर चांगला अडॅप्टर घ्या.

जुन्या डॉट मॅट्रिक्सला रुंद ३६ पिनांची पॅरलल खोबण असते आणि नव्या कॉम्प्युटरला तिची जोडीदार नसते. त्यासाठी यूएसबी-ते-पॅरलल केबल बाजारात मिळते. ती लावल्यावर कॉम्प्युटरला पोर्ट दिसतो तो एलपीटी१ नव्हे, यूएसबी००१. अनेक जण इथे अडतात. केबल बरोबर असते, ड्रायव्हर बरोबर असतो, पण पोर्ट जुन्या सवयीने एलपीटी१ निवडलेला असतो.

विजेबद्दलही सांगितले पाहिजे. लेझर प्रिंटर फ्यूजर तापवताना काही क्षण शेकडो वॅट खेचतो. त्याला कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. थेट भिंतीच्या सॉकेटवर ठेवा. धुळीचेही भान ठेवा. जवळच्या मढी गावच्या यात्रेच्या दिवसांत महामार्गावरची वर्दळ वाढते आणि उन्हाळ्याची धूळ दुकानात शिरते. प्रिंटर झाकून ठेवला आणि कागद उघड्यावर ठेवला नाही तर ‘कागद ओढत नाही’ ही तक्रार निम्मी होते.

ड्रायव्हर कुठून आणायचा

ड्रायव्हर मिळवण्याच्या सुरक्षित जागा मोजक्याच आहेत. पहिली म्हणजे विंडोज अपडेट. इंटरनेट चालू ठेवून प्रिंटर जोडला की काही मॉडेलचा ड्रायव्हर विंडोज स्वतः शोधून आणते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर एक गोष्ट तपासा. ते कनेक्शन ‘मीटर्ड’ ठरवलेले असेल तर विंडोज ड्रायव्हर उतरवत नाही. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ पानावरच मीटर्ड कनेक्शनवर ड्रायव्हर उतरवण्याची परवानगी देणारे बटण आहे, ते तेवढ्यापुरते चालू करा.

दुसरी जागा म्हणजे कंपनीचे स्वतःचे अधिकृत संकेतस्थळ. तिथे मॉडेल टाकून विंडोज ११ चा ड्रायव्हर पाहा. नसेल तर विंडोज १० चा ६४ बिट, तोही नसेल तर विंडोज ७ किंवा ८ चा ६४ बिट. या क्रमाने खाली या. सॅमसंगचा प्रिंटर असेल तर सॅमसंगच्या संकेतस्थळावर वेळ घालवू नका. त्या कंपनीचा प्रिंटर व्यवसाय २०१७ मध्ये एचपीने घेतला. सॅमसंग प्रिंटरांचे ड्रायव्हर एचपीच्या संकेतस्थळावर शोधायचे.

या दोन जागांबाहेर मात्र सावध राहा. शोधाच्या निकालात सर्वांत वर येणाऱ्या ‘फ्री ड्रायव्हर’ किंवा ‘ड्रायव्हर अपडेटर’ अशा जाहिराती उघडू नका. त्यातून नको ते प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये शिरतात. ‘प्रिंटर हेल्पलाइन’ म्हणून सापडलेल्या अनोळखी नंबरवर फोन करू नका. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करणारे अॅप टाकायला सांगतो आणि काही मिनिटांत बँक खात्यापर्यंत पोहोचतो. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर गावातल्या शेकडो लोकांचे आधार आणि खातेक्रमांक हाताळले जातात. तिथे हा धोका एका माणसाचा राहत नाही. असा प्रकार घडलाच तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवा.

बसवण्याचा क्रम

१. आधी प्रिंटरची यूएसबी केबल कॉम्प्युटरमधून काढा. पुष्कळ जुन्या ड्रायव्हरची अट असते की प्रोग्रॅमने सांगितल्यावरच केबल लावायची. आधी लावली तर विंडोज भलताच अर्धवट ड्रायव्हर चिकटवते आणि खऱ्याला जागा मिळत नाही.
२. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांचा कचरा काढा. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मधून त्या प्रिंटरची नोंद काढून टाका. नंतर ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर्स’ पानावर जाऊन त्याच नावाचा ड्रायव्हर पॅकेजसह काढा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.
३. उतरवलेल्या फाइलवर उजवी क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा.
४. ‘ही विंडोज चालत नाही’ असे सांगून फाइल थांबली तर तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ पानावर विंडोज ७ किंवा ८ निवडून पुन्हा चालवा. जुन्या इन्स्टॉलरांना पुष्कळदा नव्या विंडोजचे नावच ओळखता येत नाही. आतला ड्रायव्हर मात्र चालण्यासारखा असतो.
५. प्रोग्रॅमने सांगितले की केबल लावा, प्रिंटर चालू करा आणि दोन-तीन मिनिटे हात न लावता थांबा.
६. प्रिंटरच्या गुणधर्मांतून ‘प्रिंट टेस्ट पेज’ काढा. सातबारा किंवा दाखला लगेच छापू नका. आधी चाचणीचे पान.

इन्स्टॉलर चाललाच नाही तर हाताने बसवण्याचा मार्ग आहे. ‘अॅड डिव्हाइस’ दाबा, शोध संपल्यावर खाली येणाऱ्या ‘अॅड मॅन्युअली’वर जा आणि स्थानिक प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय निवडा. पोर्टमध्ये ‘यूएसबी००१’ घ्या. पुढे कंपनी आणि मॉडेल यांची यादी येते. तिथे ‘हॅव डिस्क’ दाबून, उतरवलेली फाइल उलगडून ठेवलेले फोल्डर दाखवता येते. पीसीएलवाल्या एचपी प्रिंटरला इथे युनिव्हर्सल ड्रायव्हर द्या. डॉट मॅट्रिक्सला त्याचा ड्रायव्हर नसेल तर प्रिंटरच्या पुस्तिकेत कोणत्या एप्सन मॉडेलशी तो मिळताजुळता आहे हे दिलेले असते; ते मॉडेल निवडा. केवळ इंग्रजी अक्षर-अंकांची पावती छापायची असेल तर विंडोजमधला ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरही पुरतो. मराठी मजकूर मात्र त्यावर छापला जात नाही.

पतसंस्था आणि आडतवाल्यांसाठी स्पष्ट सांगायला हवे. हिशेबाचा जुना डॉस प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही. तिथे अडचण प्रिंटरची नसून प्रोग्रॅमची आहे. त्यावर ड्रायव्हर बदलून उपाय होणार नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्याकडून नवी आवृत्ती घ्या किंवा तो जुना कॉम्प्युटर त्या कामापुरता इंटरनेटशिवाय वेगळा ठेवा.

ड्रायव्हर बसला, तरी प्रिंट निघत नाही

हा टप्पा अनेकांचा धीर खचवतो. कारणे मात्र ठरलेली आहेत.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर आधी पोर्ट पाहा. काल केबल एका खोबणीत होती, आज साफसफाई करताना दुसऱ्या खोबणीत लागली, की विंडोज त्याला नवा प्रिंटर समजून ‘कॉपी १’ नावाची दुसरी नोंद करते आणि पोर्ट यूएसबी००२ होतो. तुमचा प्रोग्रॅम जुन्याच नोंदीकडे पाने पाठवत राहतो. ‘पोर्ट्स’ पानावर बरोबर पोर्टला खूण करा आणि जादा नोंद काढून टाका. केबल ज्या खोबणीत आहे तिथे स्केचपेनने खूण करून ठेवा.

पाने रांगेत अडकली असतील तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात ‘प्रिंटर्स’ नावाचे फोल्डर आहे, त्यातल्या फाइली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. फोल्डर स्वतः पुसू नका, फक्त आतल्या फाइली.

प्रत्येक वेळी पान भलत्याच प्रिंटरकडे किंवा पीडीएफकडे जात असेल तर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हे बंद करून आपला प्रिंटर स्वतः डिफॉल्ट ठरवा.

दिवा लुकलुकत असेल आणि प्रिंटर कागदाची वाट पाहत असेल तर कागदाचा आकार तपासा. नवे ड्रायव्हर पुष्कळदा अमेरिकी ‘लेटर’ आकार धरून बसतात. लेटर २१६ × २७९ मिलिमीटरचा आणि आपला ए४ २१० × २९७ मिलिमीटरचा. उंचीतला हा १८ मिलिमीटरचा फरक दाखल्याच्या तळाची ओळ किंवा सही कापून टाकतो. ड्रायव्हरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये एकदा ए४ करून ठेवा.

डिजिटल सहीच्या कागदावरचा क्यूआर कोड मोबाइलने वाचता आला पाहिजे. त्यासाठी टोनर बचतीचा ‘इकॉनॉमोड’ बंद ठेवा आणि छपाई मूळ आकारात घ्या. पैसे वाचवण्यासाठी फिकट छापलेला दाखला कार्यालयातून परत आला तर शेतकऱ्याचा दिवस आणि एसटीचे भाडे दोन्ही जातात.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हे आली तर दोन शक्यता आहेत. पीडीएफ असेल तर अॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या चौकटीत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अॅज इमेज’ला खूण करा; पान चित्र म्हणून जाते आणि अक्षरे शाबूत उतरतात. शाळेची जुनी पत्रके किंवा लग्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर आलेलाच नसतो. तेव्हा फॉन्ट बसवा, प्रिंटरला दोष देऊ नका.

एक प्रिंटर, दोन कॉम्प्युटर

शाळा आणि ग्रामपंचायतीत एकाच प्रिंटरवर दोघे-तिघे काम करतात. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली. तिला ‘प्रिंटनाइटमेअर’ म्हणतात. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक केले. पूर्वी दोन क्लिकमध्ये होणारी जोडणी आता अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते किंवा त्रुटी दाखवून थांबते. सुरक्षा बंद करण्याचे जे उपाय ठिकठिकाणी सांगितले जातात ते करू नका. दोन्ही कॉम्प्युटर आधी अद्ययावत करा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरही प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतंत्रपणे बसवा आणि ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’मधून ‘लोकल पोर्ट’ निवडून त्यात पहिल्या कॉम्प्युटरचे नाव आणि प्रिंटरचे शेअर-नाव द्या. या मार्गाने ड्रायव्हर नेटवर्कवरून ओढावा लागत नाही आणि बहुतेक वेळा काम होते.

सगळे करूनही जमले नाही तर

अजून दोन वाटा आहेत. पहिली, जुना विंडोज कॉम्प्युटर फक्त छपाईसाठी ठेवणे. त्याचे इंटरनेट काढून टाका. नव्या कॉम्प्युटरवर पीडीएफ तयार करा, पेनड्राइव्हने नेऊन छापा. पेनड्राइव्ह त्या दोन कॉम्प्युटरांपुरतीच ठेवा. गिऱ्हाइकांची त्यात लावू नका.

दुसरी वाट विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली वापरण्याची. लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत मिळते आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या कॉम्प्युटरवरही चालते. त्यातली ‘कप्स’ ही छपाईची व्यवस्था जुन्या प्रिंटरांना सांभाळून घेते. लेझरजेट १०२० साठी एचपीची ‘एचप्लिप’ प्रणाली आहे. पहिल्या वेळी ती इंटरनेटवरून एक जोड-फाइल उतरवून घेते. कॅनन २९०० ला लिनक्सवर जास्त खटपट पडते. हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. प्रिंट निघाली तरच पुढे जा. गावातल्या शाळांना ही वाट मी आवर्जून सुचवीन. जुना कॉम्प्युटर आणि जुना प्रिंटर, दोघांनाही कामाची आणखी काही वर्षे मिळतात.

पुढच्या दिवसांची तयारी

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवले जाईल. यापुढे भर आयपीपी या सामाईक पद्धतीवर राहील, जी नव्या प्रिंटरना मुळातूनच येते. कंपनीच्या इन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर बसवण्याचा मार्ग त्या घोषणेत खुला ठेवलेला आहे. याचा आपल्यासाठी अर्थ इतकाच, की विंडोज आपोआप ड्रायव्हर आणून देईल या भरवशावर राहू नये. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ‘प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाचा पर्यायही आला आहे. तो चालू केला तर कंपन्यांचे जुने ड्रायव्हर काढून टाकले जातात. जुना प्रिंटर असेल तर या बटणाला हात लावू नका.

थांबायचे कधी, हेही माहीत हवे. १०२०, एम१००५ यांना लागणारे १२ए कार्ट्रिज आजही सहज मिळते आणि भरूनही मिळते. पिकअप रोलर, टेफ्लॉन हे सुटे भाग बदलता येतात. तोवर प्रिंटर जपावा. पण फक्त ३२ बिट ड्रायव्हर निघालेला असेल आणि लिनक्सचीही साथ नसेल, मुख्य कार्ड जळले असेल किंवा कार्ट्रिजच मिळत नसेल तर पैसे ओतू नका. नवा घेताना ‘आयपीपी’, ‘एअरप्रिंट’ किंवा ‘मोप्रिया’ यांपैकी एखादे नाव खोक्यावर पाहूनच घ्या. म्हणजे पुढचा कॉम्प्युटर बदलताना हा खटाटोप पुन्हा करावा लागणार नाही. जुना प्रिंटर आणि रिकामी कार्ट्रिजे उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. ती अधिकृत संकलन केंद्रालाच द्यावीत.

शेवटी एक विनंती. तुमचा प्रिंटर आज चालू असेल तर आजच संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी त्याचा ६४ बिट ड्रायव्हर अधिकृत ठिकाणाहून उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवा. मॉडेल, ड्रायव्हरच्या फाइलचे नाव आणि पोर्ट एका चिठ्ठीवर लिहून ती प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. जूनमध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाला त्याचा दाखला वेळेवर मिळेल, तो त्या चिठ्ठीमुळे.